तांड्याची पहिली घागर

माझा स्वभाव शकी आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागून कोणी म्हणायले नको की लपवलं. उमरखेडच्या रोडवर माझं गॅरेज आहे. इतकी वर्षं मोटारसायकली खोलून राह्यलो, पण पहिल्या फटक्यात खरं बोललेला एक गिऱ्हाईक आठवत नाही. "काही केलं नाही भाऊ, चालता चालता बंद पडली." खोलून पाहावं तर इंजिनात ऑइलचा थेंब नाही! मग सवयच लागली. माणूस बोलायले लागला की मी त्याच्या तोंडाकडं नाही, हाताकडं पाहतो. बायको म्हणते, "तुमाले तर आरशातल्या मानसावरही शक येते." येतो, खोटं कायले बोलू. एकदा भाजीत मीठ कमी पडलं तर ही कायच्यानं नाराज आहे, ह्याचा विचार मी दोन दिवस करत होतो.

आमच्या घराकडं एका बाबाच्या दर्ग्याची खिदमत आहे. गावाबाहेर टेकाडावर एक खोली, वर हिरवा घुमट, पुढं लिंबाचं झाड, अन् चढायले सात उंच पायऱ्या. झाडलोट करायची, दिवाबत्ती करायची, गुरुवारी येणाऱ्या लोकांच्या डोक्यावरून मोरपिसांचा कुंचा फिरवायचा, साल भरलं की उरूस करायचा. पणजोबाच्याही आधीपासून हे काम आमच्याकडं आहे. आता अब्बा करतात. साखरेनं त्यांचे डोळे गेले. घरात दरवाज्याच्या चौकटीले डोकं आपटून घेतात, पण दर्ग्यात मात्र कुठं अडत नाहीत. कोणत्या कोनाड्यात लोबान आहे अन् कोणती फरशी हलते, सगळं हातापायांना ठाऊक. ती खोली त्यांच्याकडून कोणी काढून घेतली तर अब्बा आठ दिवस जगणार नाहीत, हे मले पक्कं माहीत होतं. पुढं मी जे केलं ते ह्याच भीतीपोटी केलं. माफी नाही मागून राह्यलो, कारण सांगून राह्यलो.

बाबा कोण होते, कुठून आले, ह्याचा कागद कोणापाशी नाही. अब्बा सांगतात ते असं. पूर्वी बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून मुलूखभर फिरत. अशाच एका तांड्यासोबत हा फकीर चालायचा. कोणाचा कोणी नव्हता. बैलांच्या खुरातले काटे काढायचा, अन् तांड्यात भांडण झालं की दोघांच्या मधात जाऊन बसायचा. भांडण मिटेपर्यंत जेवायचा नाही. लोक चिडायचे, पण उपाशी माणसासमोर किती वेळ शिव्या देतील? शेवटी ह्या टेकाडाशी बाबाले ताप भरला. आभाळ भरून आलं होतं, मीठ भिजलं असतं, म्हणून तांडा पुढं गेला. एक कुटुंब मात्र मागं राह्यलं. अन् राह्यला आमचा पूर्वज, जो त्या बैलांच्या खुरांना नाल ठोकायचा. बाबा गेले तेव्हा शेवटच्या आंघोळीले त्या घरच्या बाईनं नाल्यातून घागर भरून आणली अन् आमच्या माणसानं गुसल घातलं. पाणी त्यांचं, हात आमचा. ते कुटुंब मग तिथंच वसलं, त्याचा तांडा झाला. तेव्हापासून उरसाच्या सकाळी जुन्या चादरी काढून बाबाची मजार, म्हणजे कबर, धुतात, त्या गुसलची पहिली घागर तांड्याहून येते, त्याच एका घरून. ती आल्याबिगर कोणी पाण्याले हात लावत नाही.

मले लहानपणापासून ह्या गोष्टीवर शक. मिठाचे बैल सोडून एक घर कायले मागं राहीन? काहीतरी भांडण झालं असन. अब्बाले एकदा विचारलं तर म्हणाले, "तुझ्यासारखा एक त्या तांड्यात असता, तर बाबा दुसऱ्याच दिवशी उपासानं मेले असते."

मी पाहतो तेव्हापासून घागर एकच बाई आणायची. अख्खा तांडा तिले याडी म्हणायचा, म्हणजे आई. आम्हीही तेच म्हणायचो. उंच, हाडकुळी, आवाज असा की दर्ग्यातून बोलली तर रोडवर ऐकू यायची. तांड्याच्या विहिरीवरून डोक्यावर घागर घेऊन पायी यायची, सातही पायऱ्या न थांबता चढायची, अन् चौकटीपाशी अब्बांच्या हातात घागर द्यायची. दोघांचं बोलणं दर साली तेच. अब्बा म्हणायचे, "उशीर केला याडी." ती म्हणायची, "बाबा कुठं पळून चालले का?" मग दोघं हसायचे.

गेल्या साली मात्र उरसाच्या महिनाभर आधीपासून माझ्या मनात पाल चुकचुकायले लागली. एका गुरुवारी पॅन्ट-शर्टातला एक माणूस दर्ग्यावर आला. चाळिशीचा असन. फूल नाही, अगरबत्ती नाही. बाहेरूनच सलाम केला अन् मोबाइल काढून फोटो घेऊ लागला. घुमटाचे नाही, पायऱ्यांचे! मग खाली बसून वितीनं एकेक पायरी मोजली, उंचीही अन् रुंदीही.  आजकाल वारंच तसं आहे. मोबाइल उघडला की कुठं ना कुठं जागेचा वाद. आधी कोणी मोजायले येतो, मग कागद येतो, मग माणसं येतात. मी जवळ जाऊन विचारलं, "काय पाहून राह्यले?"

"काही नाही, असंच," तो म्हणाला, अन् मोबाइल खिशात घातला.

असंच! पायऱ्या कोणी असंच मोजते का?

दुसऱ्या गुरुवारी पुन्हा हजर. ह्या खेपेले मागच्या बाजूनं गेला, जिथं आमचं एक जुनं फाटक आहे. फाटकाची रुंदी मोजली. तिथून दर्ग्याच्या भिंतीपर्यंत पावलं टाकत आला. भिंतीखालची मूठभर माती उचलली अन् रुमालात गाठ मारून ठेवली. माती! मी लिंबामागून पाहत होतो. मले दोनच गोष्टी सुचल्या. एक तर हा करणी-भानामतीवाला, नाहीतर सरकारी तपासणीवाला. दोन्हीपैकी कोणता बरा, हे काही ठरवता येईना.

मग तो अब्बांपाशी जाऊन बसला. सांगतलं की तो याडीचा पोरगा, यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या कारखान्यात कामाले आहे. अब्बा खूश! त्याच्या डोक्यावर हात फिरवला, आईची खबर विचारली. चार-पाच महिने झाले होते, याडी फिरकली नव्हती, अन् एरवी तिचा गुरुवार चुकत नसे.

"काहून येत नाही ती?" अब्बांनी विचारलं.

"कामात हाय," पोरगा म्हणाला, पण नजर खाली.

पंचाहत्तरीची म्हातारी कायच्या कामात असन? माझा शक पक्का झाला. तेवढ्यात त्यानं विचारलं, "चाचा, तुमच्यानंतर हे कोन पाहीन?"

बस्स. मले सगळं साफ दिसलं. मापं घेतली, माती नेली, आता वारस कोण ते विचारून राह्यला. तांड्यातल्या कोण्यातरी शहाण्यानं ह्याच्या डोक्यात भरवलं असन की पहिलं पाणी आपलं, म्हणजे जागाही आपलीच. अन् म्हातारीले लपवून ठेवलं, काहून की ती कधी खोटं बोलणार नाही. मी मधातच म्हणालो, "मी पाहीन. अन् माझ्यानंतर माझे पोरं पाहतीन. अजून काही विचारायचं आहे?" त्याचं तोंड उतरलं. राम राम करून निघून गेला. अब्बा म्हणाले, "असा कायले बोलला तू? पाहुणा होता."  आंधळ्या माणसाले कोणत्या तोंडानं सांगणार की त्याचं घर मोजून नेलं?

बायकोनं घरी ऐकून घेतलं अन् म्हणाली, "त्यालेच विचारा नं एकडाव, बावा, तू मापं कायले घेऊन राह्यला?"

"चोराले विचारू का, चोरी कधी करतो?"

"मंग चाचपत बसा अंधारात," म्हणाली अन् आपली कपडे वाळू घालायले गेली. बाईचं ऐकलं असतं तर हे लिहायची पाळी आली नसती.

मी माझ्या डोक्यानं असा हिशेब मांडला. तांड्याचा सगळा जोर त्या घागरीवर. एक साल जरी घागरीबिगर गुसल झालं, तर मग म्हणता येईन की बाबा, आता तो रिवाज राह्यला नाही, तुमचा काही संबंध नाही. उरसाच्या सकाळी फजरची, म्हणजे पहाटेची, नमाज झाली. अब्बा नवा कुर्ता घालून चौकटीपाशी बसले होते, तांड्याच्या रस्त्याकडं कान लावून. उजाडून राह्यलं होतं, अन् घागर यायच्या आत मले सगळं उरकायचं होतं. पाच-पंचवीस माणसं आली होती. मी अब्बांपाशी गेलो अन् म्हणालो, "तांड्याचा निरोप आला. ते येत नाहीत. तुम्ही सुरू करा म्हणले."

"काहून येत नाहीत?"

"मयत झाली तांड्यात. सुतक आहे."

हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं. सुतक म्हणलं की कोणी पुढं विचारत नाही, असं मले वाटलं. पण अब्बांनी विचारलं. "कोण गेलं?"

आता तांड्यातलं मी कोणाले ओळखतो? माझ्या तोंडातून निघून गेलं, "याडी."

अब्बांच्या हातातली तसबीहची माळ थांबली.  मग म्हणाले, "कधी?"

"काल. ताप आलता."

एकदा खोटं बोललं की ते आपलं आपणच वाढते, ब्रेक न लागणाऱ्या गाडीवानी. अब्बा उठले. आत गेले. बोअरच्या पाण्याची बादली मीच भरून दिली. मजार धुताना त्यांच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. गुलाबपाणी झालं, संदलचा, म्हणजे चंदनाचा, लेप लावून झाला, नवी चादर चढली. मग अब्बांनी सगळ्यांना थांबवलं अन् म्हणाले, "आज पहिली फातेहा त्या बाईसाठी, जिनं उभी हयात बाबाले पाणी पाजलं." लोकांनी गेलेल्या जिवाच्या दुवेसाठी हात उचलले. मीही उचलले. माझ्या हातांची मले शरम वाटायले पाहिजे होती. मी खरं सांगतो, वाटली नाही. मले वाटलं, जमलं.

फातेहा संपली अन् मागच्या फाटकाशी ऑटोचा आवाज आला.

मी धावत मागं गेलो. ऑटो फाटकातून जेमतेम आत शिरला होता. त्यातून तो पोरगा उतरला, त्याच्यासोबत तांड्यातले दोघं गडी. त्यांनी एक प्लास्टिकची खुर्ची काढली अन् खुर्चीत याडीले बसवलं. तिचे पाय सुजून खांबासारखे झाले होते. मांडीवर घागर, तोंडावर ओला फडका बांधलेली, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. खुर्ची उचलून ते पुढं पायऱ्यांशी आले. मधात पोरगा मले हळूच म्हणाला, "भाऊ, नाराज नका होऊ. तिले चालता येत नाही, हे कोनाले सांगू नको म्हनून शपथ घातलती तिनं. म्हने, कळलं तर घरीच बसवतीन अन् मान दुसऱ्या घरी जाईन. खुर्ची चढते का नाही ते पाहाले आलतो मी. मागच्या बाजूनं ऑटो येते का तेही." मग म्हणाला, "अन् पुढच्या सालपासून घागर मलेच आनावं लागन. म्हनून चाचाले विचारत होतो, कोनाच्या हातात द्यायची."

"अन् माती?"

"तिच्या गुडघ्याले लावाले मागवलती."

मी तिथंच उभा. बापा रे! एकेक गोष्ट माझ्यासमोर सरळ होत होती अन् मले पळायले जागा नव्हती.

तेवढ्यात याडीनं हाक मारली. तोच आवाज. "उशीर झाला भाऊ! सुरू नाही नं केलं?"

आतली सगळी माणसं चौकटीत जमा झाली. कोणी तोंडावर हात ठेवला. एका बाईनं तर भेवून पोराले पदराखाली घेतलं. अब्बा सगळ्यांत मागं होते. लोक बाजूले झाले अन् ते पुढं आले, भिंतीले हात न लावता.

"याडी?" ते म्हणाले.

"मंग कोन? असे भूत पाह्यल्यावानी काय करून राह्यले सगळे?"

 शेवटी समोरच्या एका म्हाताऱ्यानं सांगून टाकलं, की बाई, तू गेली म्हणून आताच आम्ही फातेहा वाचली. याडी आधी हसली. मग तिनं पाह्यलं की चौकटीबाहेर फरशी ओली आहे अन् संदलचा वास सुटला आहे. तिचं हसू गेलं. घागरीवरचे हात अजून घट्ट झाले.

"कोनं सांगतलं, मी मेली म्हनून?"

अब्बांनी माझं नाव घेतलं नाही. फक्त माझ्याकडं तोंड वळवलं. मी कुठं उभा आहे, हे त्यांना न दिसता कसं कळलं देव जाणे. मीच म्हणालो, "मी."

याडीनं मले खालून वरपर्यंत पाह्यलं. "कायनं मेली म्हनला?"

"तापानं."

"तापानं?" ती म्हणाली. "अरे, मले जन्मात कधी ताप नाही आला रे. मारायचं तं नीट तरी मारायचं."

लोक हसले. त्या हसण्यानं जेवढं लागलं तेवढं शिव्यांनी लागलं नसतं. ती स्वतः हसली नाही. तिचा पोरगा माझ्याकडं पाहतच राह्यला. रागानं नाही. त्याले फक्त समजून नव्हतं राह्यलं, की मी असं काहून केलं असन.

अब्बा पायऱ्या उतरायले लागले. मी हात द्यायले गेलो तर माझा हात झटकला. सातही पायऱ्या एकटे उतरले, खुर्चीपाशी गेले, अन् दोन्ही हात पुढं केले. याडीनं घागर दिली. ती घेऊन अब्बा वर चढले. आत जाऊन त्यांनी आपल्या हातानं नवी चादर बाजूले केली. कोणीतरी म्हणालं, "हजरत, संदल झालं आता, दोनदा गुसल नसते." अब्बांनी ऐकलंच नाही. तांड्याचं पाणी मजारवर ओतलं. लावलेलं संदल सगळं वाहून खाली आलं, फरशीवरून, चौकटीवरून, पार पायऱ्यांपर्यंत. याडी खाली खुर्चीतून पाहत होती. घागर रिकामी झाली तेव्हा तिनं हात जोडले, अन् पोराले म्हणाली, "चाल, उचल आता मले."

मी तिच्यापाशी गेलतो त्या वेळी. माफ कर म्हणालो. ती म्हणाली, "मले काय, मी तं जिती हाय. तुह्या बापाले जाऊन सांग." पण अब्बाले मी काय सांगणार?

अब्बा मले रागावले नाहीत. एक शब्दही नाही. फक्त त्या दिवसापासून माझं बोलणं त्यांनी मानलं नाही. चहा गरम आहे म्हणलं की आधी बोट लावून पाहतात. अजान झाली म्हणलं की सुनेले विचारतात, झाली का? पाऊस येऊन राह्यला म्हणलं तर हात खिडकीबाहेर काढतात. उभी हयात मी दुसऱ्यांच्या हाताकडं पाहत आलो. आता माझ्या घरात माझा बाप माझा एकेक शब्द तपासून घेते, अन् मले त्याच्यावर बोलायले तोंड नाही.

थंडी सुरू झाल्यावर एका सकाळी त्या पोराचा फोन आला. याडी खरंच गेली. मी गॅरेज तसंच उघडं टाकून घरी आलो. अब्बा अंगणात उन्हाले बसले होते. मी समोर बसलो अन् म्हणालो, "अब्बा, याडी गेली."

 त्यांनी दुवेसाठी हात उचलले नाहीत. म्हणाले, "दुसऱ्या कोणाकडून ऐकव."

बायको म्हणाली, "खरं सांगून राह्यले ते, अब्बा." अब्बा म्हणाले, "तुलेही त्यानंच सांगतलं."

मले दुसरा रस्ता राह्यला नाही. मी त्या पोराले पुन्हा फोन लावला. तिकडं बाया रडत होत्या, लाकडं जमवणं चाललं असन. मी म्हणालो, "भाऊ, एक काम आहे. अब्बा माझं ऐकत नाहीत. तू एकदा सांगतो का त्यांना?"  तो म्हणाला, "द्या."

मी फोन अब्बांच्या कानाले लावला. घरात सगळ्यांना ऐकू येईन एवढ्या मोठ्यानं तो बोलला, कारण त्याले स्वतःचं रडणं दाबून बोलावं लागत होतं.

"हो चाचा," तो म्हणाला. "या खेपेले खरंच गेली."

तेव्हा कुठं अब्बांनी हात उचलले.